दामाजीला ताप नव्हता

१

रविवारी सकाळी सात वाजता बाळकुमच्या दामाजी भोईराचा जीव गेला आणि आठच्या ठोक्याला त्याच्या भावजयीचं घर पडायला लागलं. मयताला जमलेली माणसं निदान चपला तरी काढतात. इथे हातात पहारी होत्या.

हवालदार उत्तम सायकल टाकून धावला तोवर अर्धी कौलं खाली आलेली. दारात बायजा पडली होती. कपाळ फुटलेलं, रक्त डोळ्यात उतरलेलं, तरी दोन्ही हातांनी उंबरा धरून ठेवलेला. तिचा मुलगा रघु आत भाताच्या कणगीत लपला होता. तो सापडला तेव्हा गर्दीने असा काही आरडाओरडा केला की आळीतली कुत्रीसुद्धा पळाली.

"ओढ भाएर त्याला! काकाला खाल्ला यानी!"

रघुला केसांना धरून फरफटत आणलं. बावीस वर्षांचा पोरगा, दात पडलेला, एक कान लोंबत होता. कुणीतरी कोयता वर केला, आणि उत्तमने काय केलं, तर सरळ पोराच्या अंगावर आडवा पडला. नोकरी संपायला चार वर्षं उरलेली आणि गुडघे त्याच्याही आधी संपलेले, पण त्या दिवशी ते वाकले बरोबर. पाठीत दोन दगड बसले.

"आधी मला कापा रे!" तो खालूनच ओरडला. "मग अख्खा गाव आत जाईल. म्हातारे, लेकुरवाळ्या, सगळे! आहे कुणाची छाती?"

कोयता थांबला. रघुचे केस ज्याने धरले होते त्यानेही मूठ सोडली. तो मोरू, दामाजीच्या बायकोचा धाकटा भाऊ. डोंबिवलीला त्याचं कोंबडीचं दुकान. सगळं बाळकुम त्याला देवमाणूस म्हणायचं, आणि का म्हणणार नाही? दामाजीच्या दोन्ही किडन्या दोन वर्षांपूर्वी निकामी झाल्या, सख्ख्यांनी तोंडं फिरवली, तेव्हा हा मेव्हणा पुढे आला की माझी एक घ्या. येत्या गुरुवारी मुंबईला ऑपरेशन ठरलं होतं.

आदल्या संध्याकाळी काय झालं ते सगळ्या गावाने पाहिलं होतं. खाडीकडचं सामाईक शेत दामाजीने परस्पर मोरूच्या नावावर करून दिलं होतं, ते रघुला त्या दिवशी कळलं. त्यात रघुच्या मेलेल्या बापाचाही वाटा होता. रघु कोयता घेऊन पिंपळाच्या पारावर चालून गेला. दामाजी वळून पळाला, कोयता फिरला, दामाजी तोंडघशी पडला. सदऱ्याच्या पाठीवर रक्त दिसलं आणि मोरूने बोंब ठोकली की दाजींना तोडलं. लोक रिक्षा आणायला निघाले, तर दामाजीच हात जोडून म्हणाला, "डाक्टरकडं नको. मना घरी न्या." घरी नेला, आणि पहाटेपासून थंड पडत पडत सकाळी गेला.

मागून आलेल्या चौकीच्या जीपमध्ये उत्तमने रघुला कोंबला. पोरगा रक्त थुंकत एकच वाक्य बोलत होता.

"हवालदार, आईशपथ, कोयता लागलाच नाय! पाराला बसला तो, दगडावर. काकाला लागलाच नाय!"

खोटं बोलणारा माणूस सहसा याहून बरं काहीतरी शोधून काढतो, असं उत्तमला वाटून गेलं.

२

शवागारात तरुण डॉक्टर होता, नुकताच पास झालेला, रविवारी ड्यूटी लागली म्हणून वैतागलेला. प्रेत पालथं घातलेलं. उजव्या पाठीवर, फऱ्याच्या हाडाखाली, दोन बोटं रुंद चीर.

"ताजी आहे," डॉक्टर म्हणाला. "कडा बघा. सूज नाही, लाली नाही, खपली नाही, पू नाही. जुनी असती तर भोवती टरारून आलं असतं. कालचीच. किडनीचा पेशंट, रक्त गोठत नाही यांचं, त्यात गेला."

"किती रक्त गेलं असेल, साहेब? गादी मी बघितली. तळहाताएवढा डाग आहे. एवढ्या रक्तात कोंबडी मरत नाही."

"मग तुम्हीच लिहा रिपोर्ट."

उत्तमने जखमेवर वाकून पाहिलं. चिरेच्या चारी बाजूंना एक काळपट, चिकट चौकट उमटली होती. बोट लावलं तर बोट चिकटलं. औषधाच्या दुकानातल्या चिकटपट्टीचा डिंक होता तो, मळ धरलेला, आणि एका रेषेवर दुसरी, दुसरीवर तिसरी. पट्टी एकदा नाही, पुन्हा पुन्हा लावली आणि काढली होती. एका रात्रीत कोण तीन-तीन वेळा पट्टी बदलतो? आणि बदलली, तर मग प्रेतावर होती कुठे?

त्याने जप्त केलेला सदरा उलगडला. पाठीवर डाग होता. सदऱ्याला चीर मात्र नव्हती. टाचणीएवढंही भोक नव्हतं.

चौकीवर फौजदारसाहेबांनी दोन्ही गोष्टी ऐकून घेतल्या आणि जांभई दिली. "सदरा वर सरकला असेल. उत्तम, चाळीस माणसांनी कोयता बघितलाय. उद्या पोराला कोर्टात उभा करू. तोवर तो जिवंत राहिला तर. गाव म्हणतोय, मयत उचलली की चौकीवर येतो. माझ्याकडे आठ माणसं. तुला अकलेचे तारे तोडायचेत ते अंत्यविधीच्या आत तोड."

उत्तम बाहेर येऊन पायरीवर बसला. त्याच्या डोक्यात डॉक्टरची यादी फिरत होती. सूज नाही, लाली नाही, पू नाही. ही यादी त्याने आधी ऐकली होती. ऐकली कसली, स्वतःच तयार केली होती.

शेवंती, त्याची बायको. टिटवाळ्याच्या दोन खोल्यांत चौदा महिने किडनीच्या दुखण्याने पडलेली. पायाला पत्रा लागला होता तिच्या. जखम कोरडी, पाय थंड, कपाळ थंड. "ताप नाही ना तुला? मग मी जातो बंदोबस्ताला," असं म्हणून तो गेलेला, आणि परत आला तो प्रेत उचलायलाच. पुढे डॉक्टरांनी पाय उघडून दाखवला तर आत हाडापर्यंत सडलं होतं. तीन वर्षं झाली, पण त्या वाक्याची त्याला अजून शिसारी यायची. ताप नाही ना तुला. हातात कुणी तेव्हा दांडा दिला असता तर त्याने स्वतःचंच टाळकं फोडून घेतलं असतं.

तो उठला, पुन्हा शवागारात गेला आणि तरुण डॉक्टरच्या पुढ्यात टोपी काढून ठेवली. "साहेब, ती जखम वरून बघू नका. आत सळई घाला. काही नाही निघालं तर माझ्या मुस्काटात मारा."

डॉक्टरने कपाळाला आठ्या घातल्या, पण सळई घेतली. सळई दोन बोटं आत गेली, तीन बोटं गेली, बरगडीला घासून खाली वळली. मग त्याने सुरी मागितली. आणि स्नायूंच्या खालून वाटीभर हिरवट, घाणेरडा पू भळभळून टेबलावर आला, तसा डॉक्टर दोन पावलं मागे सरला.

"हे… हे एका रात्रीचं नाही," तो म्हणाला.

३

ठाण्यात नौपाड्याच्या बाजूला, एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर डायलिसिसची दोन मशिनं होती आणि त्या दोन मशिनांवर राज्य करणाऱ्या सिस्टर विमलाबाई होत्या. पन्नाशीच्या, जन्म सदाशिव पेठेतला, नोकरी ठाण्यातली. रविवारी त्या नोंदी लिहीत बसल्या होत्या. दामाजी गेला म्हटल्यावर त्यांनी पेन बंद केलं आणि वहीतलं त्याचं पान उघडलं.

"मंगळवार आणि शुक्रवार त्यांचे वार," त्या म्हणाल्या. "मंगळवारी अगदी ठणठणीत होते. शुक्रवारी मात्र वेगळे वागले. पाठीवर झोपायला तयारच नाहीत. मी म्हटलं, डाव्या हातात सुया आहेत, कुशीवर वळलात तर सुया निघतील. तर चार तास पुढे वाकून बसून राहिले, शेवटी दमून जरा टेकले तेवढंच. सदराही काढू दिला नाही."

"ताप बघितलेला?"

"बघितला. नव्हता. पण त्यावर कोण विसंबतं?" त्यांचा आवाज चढला. "हवालदार, जखमेत जंतू शिरले की तुमच्या-माझ्या अंगात लढाई सुरू होते. ताप, सूज, लाली, हे सगळं त्या लढाईचं. किडनी गेलेल्या माणसाच्या रक्तात इतकं विष साठतं की लढणाऱ्या पेशीच अर्धमेल्या होतात. आम्ही मशीनवर रक्त धुतो, पण त्या पेशी काही पूर्ववत होत नाहीत. यांना रोगाची लस टोचली तरी कित्येकदा ती लागत नाही. आत सडत जातं आणि वरून सगळं शांत. म्हणून मी प्रत्येक घरच्याला बजावते, साधा ओरखडा आला तरी मला दाखवा, ताप येण्याची वाट पाहू नका, ताप येणारच नाही."

हे उत्तमला चार वर्षांपूर्वी कुणी असं समोर बसवून सांगितलं असतं तर! पण ती वेळ गेली होती, आणि इकडे पोरगा लॉकअपमध्ये कान धरून बसला होता.

"शुक्रवारी आणखी काही, सिस्टर? काहीही."

विमलाबाईंनी चष्मा काढला. "चादर. सुया डाव्या हाताला, आणि रक्ताचा डाग उजवीकडे, पाठीमागे टेकायच्या बाजूला. मशीनवर असताना रक्त गोठू नये म्हणून आम्ही औषध देतो. आधीची जखम असली तर ती त्या वेळी हमखास वाहते. मला वाटलं, सुई काढताना थेंब उडाले. मला वाटलं! तीस वर्षं झाली मला या धंद्यात, आणि मी चादर बदलून मोकळी झाले." त्यांनी टेबलावर हात आपटला. "शुक्रवारी दाखवली असती तर इंजेक्शनं देऊन वाचले असते हो ते, बहुतेक."

म्हणजे जखम मंगळवार दुपार ते शुक्रवार सकाळ यांच्यामधली. रघुचा कोयता फिरला शनिवारी. पोरगा सुटला! उत्तमला तिथेच पळत सुटावंसं वाटलं. पण फौजदारसाहेब विचारणार, मग मारलं कुणी? आणि गाव तर विचारणारसुद्धा नाही.

"हे बजावणं, ताप येणार नाही वगैरे, ते त्यांच्या घरच्यांपैकी कुणी ऐकलं होतं?"

"बायको कधी आत आलीच नाही, तिला रक्त बघवत नाही," विमलाबाई म्हणाल्या. "ऐकलं एकानेच. दोनदा ऐकलं, आणि दोनदा माझ्याकडून वदवून घेतलं."

त्यांनी नाव सांगितलं. उत्तमने खात्री करायला पुन्हा विचारलं, आणि त्यांनी पुन्हा तेच सांगितलं.

४

नाव कळलं म्हणून गुन्हा सिद्ध होत नाही. ऐकणारा एक, पट्टी बांधणारा दुसराच असला तर? पाठीवरच्या जखमेवर माणूस स्वतः पट्टी लावू शकत नाही. रोज कुणीतरी लावत होतं, आणि शनिवारी रात्री त्याच हाताने ती काढून टाकली होती, जखम ताजी दिसावी म्हणून. तो हात शोधायचा होता. आणि नवऱ्याच्या पाठीवर हात जायचा तर पहिला कुणाचा?

दामाजीची बायको जनाबाई मागच्या पडवीत बसली होती. सकाळी बायजाच्या दारावर पहिली लाथ तिने मारली होती. आता आवाज बसलेला, केस सुटलेले.

"वहिनी, दामाजीच्या पाठीला जखम होती. कालची नव्हे. त्याच्या आधीची."

"काय बोलता?" ती ताडकन उभी राहिली. "त्या बायजानी किती पाजली तुमाला?"

"मला आतून पू दाखवलाय डॉक्टरने. तुमचा नवरा, तुमच्या घरात, आणि तुम्हाला माहीत नाही?"

"पू? अवो, ताप नव्हता त्यास्नी!" तिने छातीवर हात मारला. "रोज सकाल-संध्याकाल मी या हातानी कपाल बघायची. थंड होता. जखम पिकली तर माणूस तापतो, शेंबड्या पोराला कलते! मोरूपन रोज विचारायचा, ताई, दाजींना ताप हाय का? मी सांगायची, नाय. मंग बोलायचा, ताप नाय मंजे सगला बरा हाय, कालजी करू नको."

उत्तमच्या अंगावर सर्रकन काटा आला. अख्खं गाव असंच बोलणार, आणि त्यात गावाची चूक नव्हती. तोही असंच बोलला होता. पण मोरूने असं का बोलावं?

"आंघोळीला पाणी तुम्हीच देत होतात ना? पाठ दिसली असेल."

"मीच घालायची आंघोल, दोन वरसं. पन आता मोरू र्‍हायाला आलाय ना, गुरुवारपासून तोच घालतो. बोलला, ताई, तू दमलीस, दाजींना मी घालतो. दार लावून घालायचा, गरम पानी, सगला. सख्खा भाव करील का येवढा?" तिचा आवाज फाटला. "सोन्यासारखा भाव हाय माजा. पोटातला काढून देनार होता तो."

"गुरुवारपासून," उत्तम म्हणाला.

"व्हय. बुधवारी हे गेलेले ना त्याच्या दुकानान, डोंबिवलीला. रातच्याला दोघं रिक्षानी आले. तवापासून हितंच हाय तो."

पुढच्या अंगणात बांबू तोडल्याचे आवाज येत होते. तिरडी बांधायला घेतली होती. मोरूच बांधत होता. उत्तम मागच्या दाराने बाहेर पडला आणि जीपवाल्याला म्हणाला, "शीळफाट्यावरून घे, डोंबिवली. मरेस्तोवर पळव."

५

दुकानाचं फळकूट बंद होतं. पिंजऱ्यातल्या कोंबड्या चार दिवसांच्या उपाशी, दोन मेलेल्या, बाकीच्या त्यांना टोचत होत्या. शेजारी गोदा कोळीण मासळीची पाटी घेऊन बसलेली. रविवारचा धंदा तेजीत होता, तरी उत्तमची वर्दी बघून तिने गिऱ्हाईक थांबवलं.

"मोरू? बुधवारपासून गायब झालाय मेला. ह्या कोंबड्यांना मीच पानी घालते. का वो, काय केलंन?"

"बुधवारी कुणी आलेलं त्याच्याकडे?"

"त्याचे दाजी आलेले ना, बाळकुमचे. सुजलेल्या तोंडाचे. आधी दोघं मस्त चहा प्याले. मग भांडान. दाजी बोलले, तुजी छाती नसल तर शेत परत लिवून दे, मी दुसरा मानूस बघतो. मी सोताच्या कानांनी ऐकलंय. मग ते जायला निघाले, आन् आतून धप् करून आवाज आला. मला वाटलं पिंजरा पडला."

"मग?"

"मग दाजी भाएर आले ते मोरूच्या खांद्यावर. पाठीला मोरूचा टावेल गुंडाळलेला, लालभडक. मी उठले तर दाजीच मला बोलले, बाई, कोंबडीचं रगात हाय, वरडू नको." गोदाने हातातली सुरी पाटीवर ठेवली. "आता मला सांगा हवालदार, मी जलमभर मासली कापते, मला रगात कलत नाय? पन ज्याला लागलंय तोच नाय बोलतो, तर मी कोन?"

उत्तमला सगळं कळलं, आणि कळल्यावर दामाजीची कीवच आली. ज्याने पाठीत सुरी मारली त्याच्याच पोटात याचा जीव अडकला होता. मोरू तुरुंगात गेला की किडनी गेली. डॉक्टरला जखम दिसली की ऑपरेशन रद्द. म्हणून बिचारा दातओठ खाऊन गप्प बसला, गुरुवारची वाट बघत.

"गोदाबाई, पाटी उचला. बाळकुमला यायचंय."

"आन् ही मासली?"

"सरकार घेईल," उत्तम म्हणाला, आणि तिला दंडाला धरून जीपमध्ये बसवलं.

६

पाच वाजले होते. प्रेत अंगणात आलं होतं आणि भोवती दीडदोनशे माणसं. निम्म्यांच्या हातात कोयते, काठ्या, एकाच्या हातात रॉकेलचा डबा. तिरडी उचलायची, स्मशानातून थेट चौकी गाठायची, रघुला बाहेर काढायचं, असं ठरलेलं होतं आणि कुणी ते लपवतही नव्हतं. उत्तम तिरडीच्या आडवा जाऊन उभा राहिला.

"रघुने मारलं नाही," तो म्हणाला.

एकच गलका उठला. एक काठी त्याच्या खांद्यावर बसली. तो हलला नाही.

"दामाजीच्या जखमेत आज वाटीभर पू निघालाय! शनिवारच्या संध्याकाळी कापलं तर रविवारच्या सकाळी वाटीभर पू होतो का रे? शेती केलीत तुम्ही, बैलाच्या खांद्याला जखम झालेली बघितली नाहीत? सदरा बघा. रक्त आहे, चीर नाही. शुक्रवारी, भांडणाच्या आदल्या दिवशी, डायलिसिसच्या चादरीवर पाठीचं रक्त लागलंय. जखम बुधवारची आहे. आणि ती बुधवारपासून कुणीतरी रोज बांधत होतं."

"ताप नव्हता दाजींना!" मोरू पुढे आला. डोळे लाल, खांद्यावर पंचा. "विचारा ताईला! जखम पिकली असती तर ताप आला नसता? काय पन सांगताय!"

"बरोबर," उत्तम म्हणाला. "ह्या गावात कुणीही हेच म्हणेल. मीही म्हटलेलं, स्वतःच्या बायकोच्या बाबतीत. पण तू म्हणू शकत नाहीस, मोरू. तुला सिस्टरने समोर बसवून सांगितलंय, दोनदा, की ह्यांना ताप येणारच नाही, ताप बघत बसू नका. तू ते तिच्याकडून पुन्हा वदवून घेतलंस. आणि घरी येऊन बहिणीला रोज काय विचारलंस? ताप आहे का? ती नाही म्हणाली की तू म्हणालास, मग सगळं बरं आहे. तुला माहीत होतं तो आतून मरतोय. तू दिवस मोजत होतास."

जनाबाई दारात आली होती.

"पाठ तू धूत होतास, दार लावून. पट्टी तू बदलत होतास. शनिवारी तो पडला, जखम फुटली, आणि तुला रघुचा कोयता आयता मिळाला. रात्री पट्टी काढून फेकलीस. डिंक मात्र राहिला." उत्तमने मागे बोट दाखवलं. "आणि ह्या गोदाबाई. बुधवारचा तुझा टॉवेल ह्यांनी बघितलाय."

गोदाने नुसती मान हलवली. तेवढं पुरलं. मोरूने शेजारच्याच्या हातातला कोयता हिसकला आणि तो गोदावर धावला. उत्तम मध्ये आला. कोयता कोपराखाली बसला, मांस उघडं पडलं, रक्ताची चिळकांडी पांढऱ्या कापडावर उडाली. दुसरा घाव मानेवर येणार, तेवढ्यात उत्तमने उरल्या हाताने दांडा फिरवला. मोरूचं मनगट कडकन मोडलं. कोयता पडला. उत्तमने दुसरा दांडा गुडघ्यावर घातला, तिसरा तोंडावर, आणि तो तिसरा मात्र गरजेपेक्षा जोरात होता हे त्याला मारतानाच कळलं.

"व्हय, मारला!" मोरू मातीत लोळत किंचाळला. तोंडातून रक्ताचे बुडबुडे येत होते. "पोट फाडनार होते माजा! तुमी सगले देव-देव करत होते, मना रातची झोप नव्हती! शेत घेतला, कबूल, पन पोट फाडून द्यायची छाती नाय झाली मना. ते बोलले, शेत परत दे. पाठ फिरवली, आन् सुरी हातान होती. मी पाया पडलो त्यांच्या! डाक्टरकडं चला बोललो! तर तेच बोलले, नको, गुरुवार चुकल. तेच बोलले!"

"पहिल्या दिवशी ते बोलले," उत्तमने दंड आवळून धरत म्हटलं. "मग पुढचे तीन दिवस तू बोललास."

आता गर्दी हलली. मघाशी रघुसाठी धरलेले कोयते फिरले. माणसं तीच, राग तोच, रॉकेलचा डबाही तोच. कुणीतरी मोरूच्या पेकाटात लाथ घातली, दुसऱ्याने दगड उचलला. उत्तमच्या हातातून रक्ताची धार लागलेली, डोळ्यांपुढे अंधारी येत होती. एका दिवसात दोनदा आडवं पडायला त्याच्यात जीव उरला नव्हता.

"कोन हात लावल त्याला," जनाबाई म्हणाली, "तर माजे मढ्यावरून जायाला लागल."

आवाज बसलेलाच होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. ती पायऱ्या उतरली, भावाजवळ आली. तो तिच्या पायाला बिलगला. "ताई, वाचव ग. ताई."

"वाचवतंय ना," ती म्हणाली. तिने पाय सोडवून घेतला. "माजे हातानी तू मारलास त्यास्नी. मना रोज विचारलास, आन् मी रोज सांगला. आता हे तुला कापतील, जालतील, पाच मिनिटान सुटशील तू. नाय सुटायचा, मोरू. दोन्ही किडन्या र्‍हाल्या ना तुज्याकडं? चांगल्या हायत त्या, डाक्टरनी तपासल्यात. साठ वरसं चालतील. घेऊन जग. आत बसून जग, रोज सकाली उठून जग." मग ती उत्तमकडे वळली. "हवालदार, ह्याचा हात बांधा, औषध घाला. ह्याला मरू देव नका."

एकेकाने कोयता खाली घेतला. जनाबाई गर्दीतून वाट काढत अंगणाबाहेर पडली आणि कौलं नसलेल्या घराकडे, बायजाकडे चालू लागली.

मोरू तिच्या पाठमोऱ्या अंगाकडे बघत राहिला. मग तो गावाकडे वळला, आणि मोडका हात जोडायला बघत ओरडायला लागला, मारा मला, अरे मारा, कुणीतरी मारा.

कुणी हात उचलला नाही.